मराठा मंदिर (चित्रपटगृह)

मुंबई सेंट्रल भागातील एक ऐतिहासिक चित्रपटगृह. त्याचे उद्‌घाटन १६ ऑक्टोबर १९५८ रोजी झाले. प्रेक्षकसंख्या सु. एक हजार. मुंबईत याहून जुनी चित्रपटगृहे आहेत, वास्तुशिल्पाच्या दृष्टीने याहून सरसही आहेत. तथापि विशेष खेळांच्या इतिहासात मराठा मंदिराचे स्थान वेगळे आहे. चित्रपटाच्या प्रदर्शनारंभाचा भारतातील सर्वांत गाजलेला सोहळा येथे झाला आणि एकच चित्रपट रोज सकाळी सतत दाखविण्याची तीन दशकांची प्रथाही येथेच रुजली. पहिला प्रसंग एका रात्रीचा व निमंत्रितांचा होता. दुसऱ्याला पंधरा-वीस रुपयांचे तिकीट काढून कोणीही जाऊ शकत असे.

या दोन्ही प्रकारांची मुळे चित्रपटाच्या आगमनापर्यंत जातात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे भारतातील पहिले खेळ झाले, ते एक रुपया प्रवेशमूल्याचे होते. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. आठवडाभरातच (१४ जुलै) हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलविण्यात आले; तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले व पडदानशीन स्त्रिया आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष राखण्यात आले. चित्रपट सर्वांसाठी खुला करावयाचा, तर कोणासाठी तरी काही वेगळी व्यवस्था करावी लागते, हे व्यवसायाने असे पहिल्याच आठवड्यात ओळखले. दादासाहेब फाळके यांनीही राजा हरिश्चंद्र या आपल्या मूकपटाच्या बाबतीत तोच मार्ग अनुसरला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात शहरातील प्रतिष्ठितांसाठी खेळ झाला. ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी लागला आणि १७ मे रोजी स्त्रिया व मुले यांच्यासाठी निम्म्या दराचा खास खेळ जाहीर करण्यात आला. कॉरोनेशनमध्ये मूळ चित्रपटाच्या जोडीला नृत्य, विनोदी नकला आणि पायांनी वस्तू झेलण्याची कसरतही होती. चित्रपट एकटा प्रेक्षक खेचू शकेल, असा विश्वास तेव्हा चालकांना नव्हता, हे यावरून दिसते.

आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्या वेळी गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले व चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले. तिकिटांचा काळाबाजार हा पुढे प्रत्येक मोठ्या चित्रपटाचा सोबती ठरला. दीर्घकाळ चालण्याच्या बाबतीत मराठी चित्रपट मागे नव्हता. प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम हा चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चाललेला हा पहिला भारतीय चित्रपट होय. यानंतर आठवडे मोजण्याची व महोत्सव साजरे करण्याची पद्धत रूढ झाली. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव आणि पन्नास आठवड्यांचा सुवर्णमहोत्सव यांच्या जाहिराती वृत्तपत्रांतून झळकू लागल्या.

मराठा मंदिराची उभारणी वाय. ए. फाजलभॉय यांनी १९५३ च्या सुमारास हाती घेतली. उद्‌घाटन मोरारजी देसाई यांच्या हस्ते झाले. ते त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री होते. बी. आर. चोप्रा यांचा साधना हा येथे दाखविण्यात आलेला पहिला चित्रपट. वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रीची कथा सांगणाऱ्या चित्रपटाने नव्या, वातानुकूलित चित्रपटगृहाचा आरंभ व्हावा, ही निवड त्या काळाच्या मानाने धीट म्हटली पाहिजे. जागेची निवड अर्थातच व्यावहारिक होती. मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचे मोठे स्थानक १९३० पासून येथे आहे. समोरच राज्य परिवहनाच्या गाड्यांचे आगार झाले. गाडी सुटण्यास तीन-चार तास अवकाश असलेला प्रवासी, भायखळा व नागपाडा येथील कामगार, ताडदेवचा मध्यमवर्ग असा मिश्र प्रेक्षकवर्ग या चित्रपटगृहास आपोआप लाभला. पुढील साऱ्या घटनांत या वर्गाचा वाटा मोठा आहे.

उद्‌घाटनानंतर दोन वर्षांच्या आतच मुगल-ए-आझमचा प्रसंग घडला. के. आसिफ यांनी या चित्रपटाची कल्पना १९४४ मध्ये योजली होती. फाळणीमुळे पहिला प्रयत्न फसला, अर्थपुरवठा करणारे बदलले, नटसंच बदलला आणि अखेर शापूरजी पालनजी यांच्या पैशाने तो पुरा झाला. मोहन स्टुडिओत उभारलेल्या शीशमहालाच्या दृश्यबंधासच दोन वर्षे लागली. इतकी वर्षे वृत्तपत्रांतून चर्चेत राहिलेला चित्रपट केवळ ‘लागला’ असे म्हणून भागणार नव्हते. ५ ऑगस्ट १९६० रोजी, शुक्रवारी, देशातील सु. १५० चित्रपटगृहांत तो एकाच वेळी प्रदर्शित झाला. त्या काळी हा उच्चांक होता. मुख्य सोहळा मराठा मंदिरात योजण्यात आला होता. निमंत्रणपत्रे उर्दूत, अकबरकालीन शाही फर्मानांच्या धर्तीवर तयार करण्यात आली. दर्शनी भागावर अकबराच्या वेषातील पृथ्वीराज कपूर यांची चाळीस फूट उंचीची प्रतिमा उभारण्यात आली, प्रवेशदालनास मोगल महालाचे रूप देण्यात आले आणि शीशमहालाचा दृश्यबंध तिकीट घेणाऱ्यांना पाहता यावा म्हणून चित्रपटगृहात आणून मांडण्यात आला. चित्रपटाची रिळे सजविलेल्या हत्तीवरून, शिंग व सनईच्या सुरांत, मिरवीत आणण्यात आली.

हत्तीवरील या रिळांचा थोडा विचार करणे योग्य होईल. ३५ मिमी. फितीचे एक रीळ साधारणपणे १,००० फूट लांबीचे असते व ते अकरा मिनिटे चालते. मुगल-ए-आझमचा कालावधी १९७ मिनिटांचा. म्हणजे सु. दीड डझन रिळांचे पत्र्याचे डबे झाले. एरवी हे डबे हातगाडीवरून, टॅक्सीतून किंवा हमालाच्या डोक्यावरून येत आणि प्रक्षेपणकक्षातील माणसाखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नसत. त्या दिवशी मात्र तेच दर्शनाचा विषय झाले. चित्रपट ही एक वस्तू आहे, ती कोठून तरी येते व तिच्या येण्याची वाट पाहिली जाते, हा भाव त्या मिरवणुकीने लोकांच्या मनावर ठसविला. महालाच्या सजावटीपेक्षा या कल्पनेतच आयोजकांची खरी चतुराई दिसते.

आगाऊ तिकीटविक्रीस सु. एक लाख लोक जमल्याचे सांगण्यात येते. सामान्य तिकीट दीड रुपयाच्या आसपास असताना या खेळाचे तिकीट शंभर रुपयांचे होते. छायाचित्रे व मजकूर असलेले ते तिकीट पुढे संग्रहणीय वस्तू ठरले. रांगेत लोक चार-चार, पाच-पाच दिवस उभे राहिले. घरची माणसे त्यांना डबे आणून देत. गोंधळ इतका वाढला की पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला आणि चालकांनी तीन आठवडे आगाऊ विक्रीच बंद ठेवली. ज्यांच्याभोवती चित्रपट उभा होता, ते दिलीपकुमार सोहळ्यास आले नाहीत. दिग्दर्शकाशी त्यांचे बिनसले होते. हा चित्रपट मराठा मंदिरात तीन वर्षे चालला. २००४ मध्ये संपूर्ण रंगीत स्वरूपात तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हाचा सोहळा चर्चगेटच्या इरॉस चित्रपटगृहात झाला आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी चुकलेली उपस्थिती दिलीपकुमार यांनी तेथे लावली.

कमाल अमरोही यांच्या पाकीझाचा प्रदर्शनारंभही फेब्रुवारी १९७२ मध्ये मराठा मंदिरातच झाला. या चित्रपटासही दीड दशकाचा काळ लागला होता. मीनाकुमारी सोहळ्यास उपस्थित होत्या. आरंभीचा प्रतिसाद बेताचाच होता. ३१ मार्च रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर प्रेक्षकांची रीघ लागली. थाटामाटाचा सोहळा चित्रपट तारू शकतोच असे नाही, ही गोष्ट या उदाहरणावरून दिसून येते.

येथे एका विसंगतीची नोंद करणे आवश्यक आहे. नावाने मराठी असलेल्या या चित्रपटगृहाची कीर्ती प्रामुख्याने उर्दू वळणाच्या हिंदी चित्रपटांनी झाली. मराठी चित्रपटांचे विशेष प्रसंग घडले ते गिरगाव, दादर, लालबाग व पुणे येथे. त्यांतही सारे सोहळ्याचे नव्हते. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या सोंगाड्यास दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात वेळ मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर यावे लागले. चित्रपटगृहाचा पडदा कोणासाठी, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला. मराठा मंदिरासमोर तो वेगळ्या रूपाने व बऱ्याच उशिरा आला.

आदित्य चोप्रा दिग्दर्शित दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे हा चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. आरंभी त्याचे खेळ इतर कोणत्याही यशस्वी चित्रपटाप्रमाणे चालले. पुढे गर्दी ओसरू लागल्यावर तो सकाळी ११·३० च्या एकाच खेळापुरता ठेवण्यात आला व उरलेले खेळ नव्या चित्रपटांना देण्यात आले. सकाळचा सवलतीचा खेळ ही जुनी रीत होती. दुपारच्या पहिल्या नियमित खेळापूर्वी जुने चित्रपट कमी दरात दाखविले जात आणि महाविद्यालयीन विद्यार्थी, रात्रपाळीहून सुटलेले कामगार हे त्यांचे ठरलेले प्रेक्षक असत. मात्र असे चित्रपट दर आठवड्यास बदलत. मराठा मंदिराने बदल केला नाही, एवढेच त्याचे वेगळेपण. मिनर्व्हामध्ये शोले (१९७५) पाच वर्षांहून अधिक काळ चालला होता. तो उच्चांक मागे पडला तेव्हाही तिकीट पंधरा-वीस रुपयांच्याच घरात होते.

बहुपडदा चित्रपटगृहांना राज्य शासनाने दिलेल्या करमणूक करातील सवलतींमुळे एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईतील प्रदर्शनव्यवसायाचे स्वरूप पालटले. तिकिटांचे दर दहापटींनी वाढले आणि एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडू लागली. या परिस्थितीत सकाळच्या खेळाने मराठा मंदिरास उत्पन्नापेक्षा ओळख अधिक दिली. गाडीची वाट पाहणारे प्रवासी, बाहेरगावाहून शहर पाहण्यास आलेली कुटुंबे, एकांत शोधणारी तरुण जोडपी आणि चित्रपट पाठ असलेले नियमित प्रेक्षक तेथे येत. पडद्यावरील पात्राच्या आधी संवाद म्हणणे, ठरावीक जागी शिट्ट्या व टाळ्या देणे हे त्यांच्यातील अलिखित संकेत झाले. तमाशा वा कीर्तन पाहणाऱ्या प्रेक्षकाला यात नवे काही वाटणार नाही. कथा ठाऊक असणे हाच तेथेही रसास्वादाचा पाया असतो. चित्रपटाचा शेवट पंजाबातील एका स्थानकावर घडतो. त्याचे चित्रीकरण मात्र रायगड जिल्ह्यातील आपटा स्थानकात झाले होते. अखेरचे दृश्य संपताच हे प्रेक्षक बाहेर पडत, तेव्हा समोर मुंबई सेंट्रल असे.

१२ डिसेंबर २०१४ रोजी चित्रपटास एक हजारावा आठवडा लागला. त्यानंतर लवकरच तो थांबविण्याचा निर्णय झाला. नव्या चित्रपटांना अधिक खेळ हवे होते, त्यासाठी सकाळच्या खेळाची वेळ आधी ९·१५ वर आणण्यात आली होती आणि त्या वेळेस प्रेक्षक येईनात; कर्मचाऱ्यांनाही जादा तास काम करावे लागे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी, १,००९ वा आठवडा संपताना, अखेरचा खेळ जाहीर झाला. या बातमीने उठलेली प्रतिक्रिया चालकांच्या व निर्मात्यांच्या अपेक्षेबाहेरची होती. चित्रपट दूरदर्शनच्या अनेक वाहिन्यांवर वारंवार दाखविला जात होता, त्याच्या ध्वनिचित्रमुद्रिका स्वस्तात मिळत होत्या. तेव्हा हळहळ होती ती चित्रपटासाठी नव्हे, तर रोजच्या त्या खेळासाठी, हे उघड आहे. काही दिवसांतच उभयपक्षी समझोता होऊन चित्रपट पुन्हा ११·३० च्या वेळेवर आला. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे राज्यातील सर्व चित्रपटगृहे बंद झाली आणि ही साखळी तुटली. निर्बंध उठल्यावर खेळ पूर्ववत सुरू करण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये चित्रपटाच्या प्रदर्शनास तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही तो मराठा मंदिरात सकाळच्या वेळी दाखविला जात होता.