हॅरी किमची न झालेली बढती

नोकरींत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास 'बढती' या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. वरची जागा केव्हां रिकामी होणार, मागून आलेला कोण पुढें गेला, साहेबांनीं शेऱ्यांत काय लिहिलें, याचा हिशेब त्याच्या घरच्या मंडळींनाहि तोंडपाठ असतो. म्हणूनच एका कल्पित अधिकाऱ्याची न झालेली बढती जगभरच्या प्रेक्षकांच्या मनाला इतकीं वर्षें लागून राहिली, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें त्या बढतीच्या आड आलेल्या कारणाचें.

हा अधिकारी म्हणजे 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेंतील हॅरी किम. मालिका जानेवारी १९९५ मध्यें सुरू झाली आणि सात पर्वें पुरीं करून मे २००१ मध्यें संपली. व्हॉयेजर नांवाचें अंतराळयान पहिल्याच कामगिरींत घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षें दूर फेकलें जातें. पूर्ण वेगानें परतावयाचें म्हटलें तरी पंचाहत्तर वर्षें लागावींत, एवढें तें अंतर. यानाच्या कप्तान कॅथरिन जेनवे. किम हा शिक्षण संपवून पहिल्याच नेमणुकीवर आलेला 'एन्साइन', म्हणजे सनदी अधिकाऱ्यांतील सर्वांत खालच्या पायरीवरचा. ही भूमिका गॅरेट वाँग या नटानें केली. सात वर्षांत किम लढला, कैदेंत पडला, मेला आणि पुन्हां आलाहि. पण यान पृथ्वीजवळ पोंचलें तेव्हां तो एन्साइनच होता.

या मालिकेंतील स्टारफ्लीट नांवाच्या दळाचे हुद्दे मुख्यत्वें अमेरिकन आरमारावरून घेतलेले आहेत. तेव्हां त्या आरमाराचा इतिहास थोडासा पाहणें अवश्य आहे. तेथें एन्साइन हा दर्जा १८६२ मध्यें, यादवी युद्धाच्या धामधुमींत, निर्माण झाला. युद्ध १८६५ मध्यें संपलें, आरमार आक्रसलें, आणि बढती ज्येष्ठतेच्या क्रमानेंच देण्याचा प्रघात असल्यामुळें पुढील पिढीचे कित्येक हुशार अधिकारी वर्षानुवर्षें लेफ्टनंटच राहिले. वरचा मरावा किंवा निवृत्त व्हावा, तेव्हां खालच्यानें एक पायरी चढावी! वरिष्ठ दर्जांसाठीं निवड-मंडळाची पद्धति १९१६ च्या कायद्यानें आली. कनिष्ठांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आज त्या आरमारांत नीट काम करणाऱ्या एन्साइनला सुमारें दोन वर्षांत वरची पायरी जवळजवळ आपोआप मिळते. खऱ्या आरमारांत जें दोन वर्षांत सहज मिळतें, तें कल्पित आरमारांत सातांतहि मिळालें नाहीं.

याचें पहिलें समर्थन असें करण्यांत येतें कीं, यान एकटें होतें. वर कचेरी नाहीं, बदल्या नाहींत, रिकाम्या जागा नाहींत, मग कप्तान बिचारी बढती देणार कोठून? हें ऐकावयास सयुक्तिक वाटतें. परंतु टिकत नाहीं. त्याच यानावर, त्याच एकाकी स्थितींत, १९९७ मध्यें टुव्हॉक या अधिकाऱ्यास लेफ्टनंट कमांडर करण्यांत आलें. टॉम पॅरिसचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. हा गृहस्थ शिक्षा भोगीत असतां कप्तानानें यानावर आणला आणि त्यास लेफ्टनंट केलें. १९९८ मध्यें आज्ञाभंग केल्यामुळें त्याचा हुद्दा उतरविण्यांत आला व तीस दिवस कोठडींत काढावे लागले. २००० मध्यें तोच हुद्दा त्यास परत मिळाला. त्याच्या खुर्चीवर चिन्हाची लहानशी पेटी ठेवलेली होती. आपल्या खुर्चीवर कांहीं तशी पेटी दिसली नाहीं, असें किम त्या वेळीं थट्टेनें म्हणतो. प्रेक्षक हंसतात, पण ती थट्टा मनास बोंचते.

दुसरें समर्थन वर्तणुकीचें. एका परकी स्त्रीशीं नियमबाह्य संबंध ठेवल्याबद्दल १९९९ मध्यें किमवर रीतसर ठपका ठेवला गेला, हें खरें. परंतु ठपका पडला त्या वेळीं त्याची चार वर्षें आधींच उलटून गेलीं होतीं. आणि कोठडींतून बाहेर आलेला पॅरिस जर पुन्हां चढूं शकतो, तर एका ठपक्यानें किमची वाट कायमची बंद व्हावी, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

खरें कारण यानावर नव्हतें, तें लेखकांच्या टेबलावर होतें. वाँग यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, बढती कां नाहीं म्हणून त्यांनीं मालिकेच्या एका प्रमुख लेखकास विचारलें, तेव्हां कोणीतरी एन्साइन राहावयास हवाच, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. हें उत्तर कठोर असलें तरी प्रामाणिक आहे. नाटकमंडळींत विदूषकानें कितीहि वर्षें चोख काम केलें, तरी त्यास कोणी राजा करीत नाहीं. कारण मंडळीला राजाइतकीच विदूषकाची गरज असते. व्हॉयेजरवर नवखेपणाची एक जागा होती. प्रश्न विचारणारा, बावरणारा, घरची आठवण काढणारा कोणी तरुण लागत होता. किम त्या जागेवर नेमला गेला, आणि ती जागा त्यानें उत्तम भरली, हाच त्याचा अपराध ठरला.

याच्याहि मुळाशीं मालिकेची रचना आहे. प्रत्येक भाग बहुधा स्वयंपूर्ण असावा, आज घडलेल्याचा भार उद्यांवर पडूं नये, असें तिचें धोरण होतें. १९९६ मधील एका भागांत यानाचीं दोन रूपें होतात. मूळचा किम अंतराळांत फेकला जाऊन मरतो, आणि दुसऱ्या यानावरील हुबेहूब किम त्याची जागा घेतो. पुढच्या भागांत कारभार पूर्ववत् सुरू! जेथें मरणाचीहि नोंद राहत नाहीं, तेथें नोकरीच्या वर्षांची नोंद कोण ठेवणार? बढती म्हणजे गेलेल्या काळाची पावती. आणि ज्या कथेंत काळ साठतच नाहीं, तेथें पावती फाडली जात नाहीं.

याच्या उलट 'डीप स्पेस नाइन' ही भगिनी-मालिका पाहावी. ती १९९३ ते १९९९ चालली. तींत मद्यगृहवाल्याचा नॉग नांवाचा पुतण्या लहानमोठ्या खोड्या करणारा पोरगा म्हणून येतो, शिक्षण घेतो, एन्साइन होतो, युद्धांत पाय गमावतो, त्या दुःखानें खचतो, सांवरतो, आणि अखेरीस लेफ्टनंट होतो. तेथें जखम भागाबरोबर विसरली जात नाहीं, म्हणून सेवाहि विसरली जात नाहीं.

आणखी एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. मूळ 'स्टार ट्रेक' १९६६ मध्यें सुरू झाली, तेव्हांपासून सुलू हा आशियाई वंशाचा अधिकारी तींत होता. त्यास स्वतःचें यान मिळावें म्हणून जॉर्ज टाकेई या नटानें पुष्कळ खटपट केली, आणि तें मिळालें १९९१ च्या चित्रपटांत. १९९६ मध्यें व्हॉयेजरच्याच एका भागांत हा कप्तान सुलू दिमाखानें येऊन गेला. किमहि कोरियन वंशाचा. कोणाच्या मनांत पंक्तिप्रपंच होता, असा आरोप आम्ही करीत नाहीं. परंतु आपल्यासारखा चेहरा पडद्यावर शोधणाऱ्या घरांत ही दिरंगाई केवळ गमतीची वाटली नसेल, हें समजण्यास फार कल्पनाशक्ति लागत नाहीं.

शेवटच्या भागाचा आरंभ दूरच्या भविष्यकाळांत होतो. तेथें यान मोठ्या विलंबानें घरीं पोंचलेलें आहे, आणि हॅरी किम एका यानाचा कप्तान झालेला आहे. परंतु वृद्ध जेनवे काळांत मागें जाऊन इतिहास बदलते. यान लौकर घरीं येतें, आणि तो भविष्यकाळ पुसला जातो. किमला मिळालेली मोठी बढती त्या भविष्यकाळाबरोबरच नाहींशी होते! पुढें २०२४ मध्यें 'लोअर डेक्स' या चित्रमालिकेंत निरनिराळ्या विश्वांतील अनेक किम एकत्र आणले गेले, आणि त्यांतील बहुतेक सारे एन्साइनच निघाले. लेखकांनीं आपली चूक थट्टेच्या रूपानें कबूल केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खऱ्या कचेऱ्यांतहि असे किम असतात. त्यांच्या कामांत खोट नसते, शेरा वाईट नसतो. ते त्या जागीं इतके उपयोगी असतात कीं, त्यांना तेथून हलविणें कोणाच्याच सोयीचें नसतें. अशा माणसास आपण 'विश्वासू' म्हणतों, आणि तेवढ्यानें त्याचें देणें फिटलें असें समजतों. तें फिटलेलें नसतें.