मॅसॅच्युसेट्सची विमा-बाजारपेठ : हप्ता कोणाच्या खिशातून?

अमेरिकेत बहुसंख्य लोकांचा आरोग्यविमा नोकरीला जोडलेला असतो. वृद्धांना १९६५ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘मेडिकेअर’चा आणि गरिबांना केंद्र व राज्य यांच्या सामाईक खर्चाने चालणाऱ्या ‘मेडिकेड’चा आधार असतो. या तिन्ही व्यवस्थांबाहेर जे उरतात, म्हणजे किरकोळ व्यावसायिक, हंगामी कामगार, नोकरी सुटलेले, त्यांना विमा स्वतःच्या बळावर विकत घ्यावा लागतो. राज्य पातळीवरील विमा-बाजारपेठेचा इतिहास हा मुख्यतः या उरलेल्यांचा इतिहास असून, तो मॅसॅच्युसेट्स राज्यात सर्वांत स्पष्टपणे वाचता येतो.

या राज्याने प्रश्नाला प्रथम हात घातला तो १९८८ मध्ये. गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्या कायद्यात मालकांनी कामगारांना विमा द्यावा, नाहीतर राज्याकडे रक्कम भरावी अशी तरतूद होती. परंतु मंदी आली, सत्ता पालटली आणि ते कलम अमलात येण्यापूर्वीच निकालात निघाले. १९९० च्या दशकात दुसरी वाट धरली गेली. स्वतःपुरता विमा मागणाऱ्याला आजारपणाच्या कारणावरून नाकारता येणार नाही आणि प्रकृती पाहून त्याला वाढीव हप्ताही लावता येणार नाही, असा दंडक १९९६ मध्ये घालण्यात आला. या दुसऱ्या नियमाला समुदाय-दर म्हणता येईल, कारण त्यात निरोगी आणि रोगी यांची जोखीम एकाच गटात धरून हप्ता ठरवला जातो. हेतू उदात्त होता. पण विमा घेण्याची सक्ती नसल्याने धडधाकट माणसे बाहेर राहू लागली, आत उरलेल्यांचा दरडोई खर्च वाढला, त्यापाठोपाठ हप्ता चढला आणि चढलेल्या हप्त्याने आणखी काही धडधाकट माणसे बाहेर घालवली.

पुढची सुधारणा तत्त्वचिंतनापेक्षा पैशाच्या निकडीतून घडली, हे नमूद करायला हवे. विमा नसलेल्या रुग्णांवर रुग्णालयांनी केलेला खर्च भरून काढण्यासाठी राज्यात १९८५ पासून एक निधी होता. २००५ च्या सुमारास केंद्राने असा पवित्रा घेतला की, संस्थांना दिला जाणारा पैसा माणसांच्या विम्याकडे वळवला नाही, तर वर्षाला सुमारे ३८ कोटी ५० लाख डॉलरची मदत थांबेल. रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी आणि डेमोक्रॅटिक बहुमताचे विधिमंडळ यांची गाठ या धास्तीने घातली. १२ एप्रिल २००६ रोजी बोस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये रॉम्नी यांनी कायद्यावर सही केली, तेव्हा मंचावर सिनेटर एडवर्ड केनेडीही होते. विमा न देणाऱ्या, अकरा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर दर कामगारामागे वर्षाला २९५ डॉलर आकारण्याच्या कलमावर रॉम्नी यांनी नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने तो फेटाळला.

या कायद्याने ‘कनेक्टर’ नावाचे स्वायत्त प्राधिकरण निर्माण केले. खासगी कंपन्यांच्या योजना एका छताखाली, तुलना करता येईल अशा श्रेणींत मांडाव्यात आणि ग्राहकाने त्यांतून निवड करावी, ही कल्पना नवी नव्हती. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन एन्थोव्हेन यांनी १९७० च्या दशकातच नियंत्रित स्पर्धेची बाजू मांडली होती आणि पुराणमतवादी हेरिटेज फाउंडेशनच्या अभ्यासकांनी रॉम्नी यांना या बाबतीत सल्ला दिला होता. कनेक्टरमध्ये खरे तर दोन दुकाने होती. ‘कॉमनवेल्थ केअर’ हे अनुदानित दुकान दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी होते, आणि तेथे प्राधिकरण कंपन्यांकडून बोली मागवून भाव पाडू शकत असे. ‘कॉमनवेल्थ चॉइस’ या विनाअनुदान दुकानात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी होत्या. परंतु तीच पॉलिसी बाहेर त्याच दराने मिळत असल्याने त्याचे स्वरूप बरेचसे शोकेसचे राहिले. वैयक्तिक हप्ता खाली आणण्याचे काम दुकानापेक्षा जुलै २००७ मधील एका तांत्रिक निर्णयाकडे सोपवलेले होते : वैयक्तिक विमेदार आणि लहान आस्थापनांचे विमेदार यांचे गट एकत्र करण्यात आले. त्याने पहिल्यांचा हप्ता सुमारे १५ टक्क्यांनी उतरेल आणि दुसऱ्यांचा एक-दीड टक्क्याने चढेल, असा अंदाज आधीच बांधण्यात आला होता. स्वस्ताईचा हा भार कोणीतरी उचलणार होते, हे लपवलेले नव्हते.

त्याच महिन्यात विम्याची सक्ती लागू झाली आणि तिने प्राधिकरणासमोर विलक्षण काम ठेवले. परवडेल असा विमा उपलब्ध असूनही न घेणाऱ्यालाच दंड होणार होता; म्हणून किती हप्ता परवडतो, हे राज्याला डॉलरमध्ये सांगणे भाग पडले. बोस्टन परिसरातील चर्च, सिनेगॉग आणि अन्य धर्मसंस्थांच्या संघटनेने सभासदांचे घरखर्चाचे हिशेब मांडून हप्ता खाली ठेवण्याचा आग्रह धरला, तर मर्यादा फार खाली आणल्यास सक्तीच पोकळ ठरेल अशी दुसऱ्या बाजूची भीती होती. २००७ च्या तक्त्यानुसार एकट्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १५,३१५ डॉलरपर्यंत असल्यास हप्ता शून्य, त्यावर २०,४२० पर्यंत महिना ३५ डॉलर, तेथून २५,५२५ पर्यंत ७० आणि ३०,६३० पर्यंत १०५ डॉलर परवडतात असे मानले गेले. त्यानंतर अनुदान संपत असे, पण तक्ता पुढे जाई : १५०, २००, ३०० डॉलर, आणि ५०,००० च्या वर उत्पन्न असलेल्याला कोणताही हप्ता परवडतो, असे गृहीत धरले गेले. नागरिकाने हा हिशेब राज्याच्या प्राप्तिकर विवरणपत्राला जोडायचा ‘शेड्यूल एचसी’ भरून द्यायचा होता. पहिल्या वर्षाचा दंड, म्हणजे बुडणारी करसवलत, अवघा २१९ डॉलर होता. धाकापेक्षा जाहिरातीवर भिस्त असल्याने प्राधिकरणाने रेड सॉक्स या बेसबॉल संघालाही हाताशी धरले.

२०१० च्या सुमारास राज्यातील विमाविरहितांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. रुग्णालयांचे दर मात्र बाजारपेठेच्या कक्षेबाहेरच होते. त्यामुळे हप्ते चढत राहिले आणि एप्रिल २०१० मध्ये गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांच्या प्रशासनाला कंपन्यांनी मागितलेल्या बहुतेक दरवाढी नाकाराव्या लागल्या. तिजोरीला ओढ लागताच कात्री कोणावर चालते, तेही दिसून आले : २००९ मध्ये, देशात येऊन पाच वर्षे न झालेल्या कायदेशीर स्थलांतरितांना अनुदानित योजनेतून वगळण्यात आले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती वगळणूक समतेच्या हक्काविरुद्ध ठरवली.

मार्च २०१० च्या केंद्रीय कायद्याने हाच साचा देशभर नेला. राज्यांना स्वतःची बाजारपेठ काढण्याची किंवा केंद्राची वापरण्याची मुभा मिळाली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून सर्व कंपन्यांना एकसारख्या लाभांच्या योजना विकायला लावणारी बाजारपेठ उभारली. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने केंद्राचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला, तेव्हा कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी यांना सक्तीचे नवे कायदे करावे लागले; मॅसॅच्युसेट्सचा २००६ चा दंड पुस्तकात होताच, तो चालू राहिला. केंद्राच्या अनुदानात स्वतःची भर घालणारी ‘कनेक्टरकेअर’ योजना राज्याने २०१४ मध्ये सुरू केली आणि तिची उत्पन्नमर्यादा जानेवारी २०२४ पासून, दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीसाठी, दारिद्र्यरेषेच्या तिपटीवरून पाचपटीपर्यंत नेली. केंद्राने २०२१ मध्ये वाढवलेल्या अनुदानाची मुदतही त्याच वेळी, २०२५ च्या अखेरीस, संपणारी होती.