शिक्षिका होण्यासाठी लंडनला

अतिया फैजी हे नाव निघाले की आपल्याकडे अल्लामा इक्बाल आणि मौलाना शिबली यांच्या आठवणी सुरू होतात. अतिया लंडनला कशासाठी गेल्या होत्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या शिक्षिका होण्याची तालीम घ्यायला गेल्या होत्या. आम्ही बी. एड. करून उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून त्यांची हीच बाजू आम्हांला अधिक जवळची वाटते.

सप्टेंबर 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन अतिया मुंबईहून बोटीने निघाल्या. जन्म 1877 चा, म्हणजे वय 29. लंडनच्या मेरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था 1878 साली सुरू झाली होती.

प्रवासातला आणि लंडनमधला रोजचा हालहवाल अतिया आपली थोरली बहीण जेहरा यांना पत्रांतून कळवीत. ही पत्रे लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या साप्ताहिकात छापली गेली. 1898 साली निघालेल्या या साप्ताहिकाच्या संपादक मुहम्मदी बेगम होत्या. परदेश सोडाच, ज्यांना घराचा उंबरठाही सहज ओलांडता येत नव्हता, अशा भगिनींपर्यंत आपल्यातल्याच एका मुलीचे परक्या मुलुखातले दिवस पोहोचू लागले.

अतियांची हिंमत मोठी होतीच, पण त्या हिंमतीमागे घर उभे होते. नात्यातल्या तय्यबजी घराण्यातली मुले 50 वर्षांपूर्वीपासून विलायतेला जात होती. कमरुद्दीन तय्यबजी 1858 साली तिथे सॉलिसिटर झाले. त्यांचे धाकटे बंधू बदरुद्दीन 1860 साली गेले, तेव्हा अवघे 16 वर्षांचे होते. डोळ्यांच्या विकारामुळे 1864 साली त्यांना शिक्षण सोडून परतावे लागले. घराने पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा पाठवले आणि 1867 साली ते बॅरिस्टर झाले. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम 1874 साली उभी राहिली, ती याच बदरुद्दीन यांच्या पुढाकाराने. ऑगस्ट 1906 मध्ये लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच महिन्यात अतिया त्या शहराकडे निघाल्या. घरच्यांनी दुःखाच्या त्या दिवसांतही त्यांना अडवले नाही, याची नोंद घ्यायला हवी.

प्रकृती बिघडल्यामुळे अतिया 1907 साली अभ्यासक्रम अर्धवट टाकून परतल्या. पदवी हाती आली नाही. तरी त्यांची पत्रे 1921 साली 'जमाना-ए-तहसील' म्हणजे 'शिक्षणाचा काळ' या नावाने पुस्तकरूपात निघाली. त्या प्रवासाचा लाभ समाजाला मिळाला, तो असा.

आज आमच्या मुली गुणांत मागे नाहीत. बाहेरगावच्या किंवा परदेशातल्या कॉलेजचा विषय निघाला की आईवडील विचारतात, "तिथे आपलं कोण आहे?" हा प्रश्न मागासलेपणाचा नाही, काळजीचा आहे. तय्यबजींच्या घरात त्याचे उत्तर तयार होते, कारण आधी जाऊन आलेली माणसे घरातच होती. आपल्या बहुतेक घरांत ती नाहीत. म्हणून आपल्या वस्तीतून जे शिकायला बाहेर गेले, त्यांनी सत्कारापुरते गावी येऊन चालणार नाही. खोली कशी मिळाली, जेवणाचे काय केले, पहिला महिना किती जड गेला, मदतीला कोण आले, हे सारे त्यांनी मागच्या मुलींना सांगावे, लिहून ठेवावे. शाळांनी ते वर्गात वाचून दाखवावे. हे काम आम्हां शिक्षकांचे आहे.