नमुन्याची बाटली

आमच्या गावच्या एस.टी. स्टँडसमोर तात्यांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, उपाहारगृह होते. त्या जागेत आता मोबाईल विकतात. गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा शेजारच्या नव्या हॉटेलात चहाला बसलो. गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी अन्न परवाना काचेच्या चौकटीत बसवलेला होता, त्यावर चौदा आकडी क्रमांक, आणि दोघांनाही एकाच हाराचे टोक पोचवलेले! तात्यांचा परवाना पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला असे आणि ते नळकांडे फक्त एका माणसासाठी उघडले जाई. तो माणूस म्हणजे फूड इन्स्पेक्टर. या माणसाचा इतिहास मला बरीच वर्षे लिहायचा होता. त्यात माझाही एक लहानसा, लाजिरवाणा भाग आहे, म्हणून राहून गेला.

इतिहास म्हणायचा तर फार मागे जाता येते. कौटिल्याने धान्य, तेल, मीठ, औषधे यांत तशाच दिसणाऱ्या वस्तूची भेसळ करणाराला बारा पणांचा दंड सांगितला आहे. म्हणजे भेसळ करणारा तेव्हाही होता आणि त्याला पकडणाराही होता. पण कायद्याच्या हाती शास्त्र आले ते एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या आर्थर हसॉल नावाच्या डॉक्टराने १८५१ पासून बाजारातली कॉफी, पाव, मसाले विकत आणून सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि कोणाच्या दुकानात काय निघाले ते दुकानदाराच्या नावानिशी ‘लॅन्सेट’मध्ये छापून टाकले. तरी लोक हलले ते एका मिठाईने. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्यांत साखर वाचवण्यासाठी स्वस्त भुकटी घालायची होती. औषधांच्या दुकानातून चुकून सोमल दिला गेला. सुमारे वीस माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. दोन वर्षांनी तिथे भेसळीचा पहिला कायदा झाला.

आपल्याकडे त्याच १८६० साली दंडसंहिता आली. तिच्यात अपायकारक अन्न विकणाऱ्याला सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. १८६० चे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! पण मूळ कायद्यातला तो आकडा १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता येईपर्यंत तसाच राहिला. माणसांचे पगार वाढले, चहा एका आण्यावरून कुठल्या कुठे गेला, दंड मात्र जागचा हलला नाही.

मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याने खाण्यापिण्याचे नासके जिन्नस जप्त करण्याचा अधिकार पालिकेला मिळाला. पुढे आठच वर्षांनी मांडवीत प्लेग निघाला आणि आरोग्य या शब्दाला एकदम धार आली. मला नेहमी वाटते, आपल्या मराठी उपाहारगृहांची नावे त्या धास्तीतून जन्मली असावीत. दादरचे ‘तांबे आरोग्य भुवन’ घ्या, गिरगावातले ‘विनय हेल्थ होम’ घ्या. परक्या माणसाला ही नावे रुग्णालयाची वाटतील. पण घर सोडून आलेल्या आणि बाहेरचे खाणे म्हणजे पोटाला धोका असे आईने बजावून पाठवलेल्या गिरणीतल्या, कचेरीतल्या माणसाला बटाटेवड्याआधी भरवसा हवा होता.

हा भरवसा त्यापूर्वी दुसऱ्याच गोष्टीवर उभा होता, हेही सांगितले पाहिजे. पाटीवर ‘ब्राह्मण आचारी’ लिहिले की जेवणारा निश्चिंत होई. हात धुतले की नाही, हे कोणी विचारत नसे. हात कोणाचे, एवढेच विचारत. आमच्या आजीचे सोवळे कडक होते. पण चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके महिनोन्महिने तेच असे आणि त्याच फडक्याने ताटेही पुसली जात. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे आमच्या घराला कळायला सरकारचा माणूस यावा लागला.

इथे एक तारीख सांगण्याचा मोह आवरत नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संसदेने केला आणि तो लागू झाला १ जून १९५५ रोजी. हॉटेलात, विहिरीवर, देवळात कोणालाही जातीवरून अडवणे हा गुन्हा ठरवणारा अस्पृश्यता (गुन्हे) कायदाही लागू झाला तो त्याच दिवशी. एकाच सकाळी सरकारने हॉटेलवाल्याच्या दोन्ही दारांवर थाप मारली. पुढच्या दाराने कोणालाही आत येऊ दे, आणि मागच्या दाराने मला मुदपाकखाना पाहू दे. दोन्ही कायदे कोणी मुद्दाम जुळवले असतील असे वाटत नाही, पण आमच्या गावात ते जुळलेच. आमच्या हॉटेलाच्या मागल्या खिडकीत पूर्वी दोन कपबशा वेगळ्या ठेवलेल्या असत, असे थोरला भाऊ सांगतो. मला कळू लागले तेव्हा त्या नव्हत्या. तात्यांनी त्या मनाने काढल्या की कायद्याच्या धाकाने, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

इन्स्पेक्टर येणार ही बातमी त्याच्या आधी येई. स्टँडवर जीप दिसली की वरच्या आळीचा पोऱ्या सायकलवरून सगळ्या हॉटेलांना वर्दी देत सुटे. मग आमच्याकडे जी धांदल उडे ती दिवाळीच्या साफसफाईलाही उडत नसे. मोरीत फिनेल पडे. मिठाईच्या परातीवर जाळी येई. आचारी कधी नव्हे तो सदरा घाली. सर्वांत मोठी चिंता कल्हईची. तांब्यापितळेची भांडी नीट कल्हई केल्याशिवाय वापरू नयेत, असा त्या कायद्याच्या नियमांतच दंडक होता. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते हे आजीलाही ठाऊक होते. पण कल्हईवाला महिन्यातून एकदा येणार आणि इन्स्पेक्टर केव्हाही. तेव्हा उघडी पडलेली पातेली माळ्यावर चढत आणि जीप गेली की खाली उतरत. जिलबीचा रंगही असाच लपे. मेटॅनिल यलो नावाचा स्वस्त पिवळा रंग खाण्यात घालायला मनाई होती, आणि तो ओळखायला प्रयोगशाळाही लागत नसे; आम्लाचा थेंब पडला की तो गुलाबी होऊन आपणच कबुली देई.

या सगळ्या तपासणीत मला सर्वांत चतुर वाटली ती तुपाची युक्ती. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले तर ओळखायचे कसे? सरकारने कारखानदारांना सांगितले, वनस्पतीत शेकडा पाच तरी तिळाचे तेल घालाच. तिळाचे तेल आम्ल आणि साखरेच्या परीक्षेत लाल रंग देते. म्हणजे भेसळीच्या मालात साक्षीदार आधीच बसवून ठेवला!

स्वयंपाक्याची वैद्यकीय तपासणी का, असे आमचा आचारी रागाने विचारी. उत्तर न्यूयॉर्कमध्ये होते. मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण ज्या ज्या घरी कामाला राही तिथे विषमज्वर निघे. ती स्वतः मात्र ठणठणीत. १९०७ साली जॉर्ज सोपर याने तिला शोधून काढले. त्याचा संशय तिच्या शिजवलेल्या पदार्थांवर नव्हता, ताजी पीच फळे घातलेल्या आइस्क्रीमवर होता, कारण त्याला विस्तव लागत नाही. सोडून दिल्यावर ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकच करू लागली, तोही एका प्रसूतिगृहात. १९१५ साली तिथे पंचवीस जणांना ताप आला. मग मात्र १९३८ साली मरेपर्यंत तिला वेगळेच ठेवले. हे वाचल्यापासून मी बाहेर आमटी निर्धास्त खातो आणि कोशिंबिरीकडे जरा दबकत पाहतो.

आता माझी गोष्ट. १९६१ साल, पानशेतचा पूर नुकताच होऊन गेला होता. मी दहा वर्षांचा होतो. शाळा दुपारची असल्याने सकाळी हॉटेलात गवळ्याकडून दूध मोजून घ्यायचे काम माझे. तीन चरव्या येत. त्या मोठ्या पातेल्यात रिकाम्या झाल्या की तळाला, कडेला साय चिकटून राही. ती वाया कशी घालवायची? आजीने शिकवल्याप्रमाणे मी चरवीत थोडे पाणी घालून खंगाळी आणि ते पाणी पातेल्यात ओती. घरोघर हेच करतात. याला कोणी पाणी घालणे म्हणत नाही, याला काटकसर म्हणतात.

त्या दिवशी जीप आली नाही, इन्स्पेक्टर एस.टी.ने आले. वर्दी द्यायला कोणी नव्हते. उंच, शांत माणूस. चपला बाहेर काढून आत आला, हे आजी पुढे कित्येक वर्षे सांगत असे. तात्यांनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. पातेल्यातले दूध ढवळायला लावून नमुना मागितला, त्याचे पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. शेजारचा शिंपी आणि स्टँडवरचा एक हमाल पंच म्हणून आले. दुधाचे तीन भाग झाले, तीन कोरड्या बाटल्यांत गेले, नासू नये म्हणून प्रत्येकीत फॉर्मॅलिनचे थेंब पडले, बुचावर लाख वितळली. त्या काळच्या नियमाप्रमाणे एक बाटली तपासणीला, एक कोर्टासाठी आणि एक दुकानदाराला. आमच्या वाटणीची बाटली तात्यांनी देवघराच्या फडताळात ठेवली.

अहवाल आला. महाराष्ट्रात तेव्हा म्हशीच्या दुधात सहा टक्के स्निग्धांश आणि त्याखेरीज नऊ टक्के घनांश लागे. स्निग्धांश पुरेसा होता. घनांश साडेआठ भरला. म्हणजे साडेपाच टक्के पाणी. तात्या गवळ्यावर कधी नव्हे ते ओरडले. गवळ्याने म्हशीच्या गळ्याची शपथ घेतली. वकील म्हणाले, माल जसा घेतला तसाच विकला असे हमीपत्र असेल तर सुटका आहे. गवळी कसले हमीपत्र देणार? त्याला सही येत नव्हती. आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव कायद्याने आधीच बंद केला होता. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्याच हळदपुडीच्या एका खटल्यात हेच कायम झाले की मनात पाप असो वा नसो, भेसळीचा माल विकला की गुन्हा. दुकानदाराला हे जाचक वाटते. पण गिऱ्हाइकाच्या पोटाला विकणाऱ्याच्या मनाशी काय देणेघेणे, असे कायदा विचारतो, आणि त्याला मला तरी उत्तर सापडलेले नाही.

तात्यांनी आमची बाटली कलकत्त्याच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवा असा अर्ज करायचा की नाही, यावर घरात दोन रात्री खल झाला. फी होती, तारखा होत्या, आणि निकाल उलटला नाही तर शोभा. त्यांनी गुन्हा कबूल केला. शंभर रुपये दंड झाला. नशीब एवढेच की १९६५ चा मार्च अजून यायचा होता. त्या महिन्यापासून सुधारलेल्या कायद्याने सामान्यतः किमान सहा महिने कैद ठरवली. आज, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, असे दूध कमी प्रतीचे ठरते. त्याला तुरुंग नाही, दंड आहे, तो पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो. तात्यांना यातले काय अधिक झोंबले असते? मला वाटते, शंभरच. कारण दंडापेक्षा त्यांना लागली ती स्टँडवरच्या एका कंडक्टरची थट्टा. ‘तात्या, आज चहात विहीर की नदी?’ एवढेच तो म्हणाला. तात्यांनी गवळी बदलला. जुना गवळी वीस वर्षांचा होता.

मला संशय आला तो सातवीत, मिश्रणाची उदाहरणे शिकताना. पातेल्यात वीस शेर दूध. माझे खंगाळण्याचे पाणी तीन चरव्यांचे मिळून सहज एक शेर. एकवीस शेरांत एक शेर म्हणजे पावणेपाच टक्के. राहिला पाऊण टक्का. तो म्हशीचा की गवळ्याचा, हे आता कोण सांगणार? वहीचे ते पान मी फाडून चुलीत घातले.

तात्या १९८४ साली गेले. हा हिशेब मी त्यांना दाखवला नाही. दोनतीनदा सांगायला गेलोही होतो. एकदा तर ते स्वतःच म्हणाले की त्या वर्षीच्या दुधाचे काय झाले ते देवाला ठाऊक. मी त्यांच्या पायाशी बसून सुपाऱ्या कातरत होतो, कातरत राहिलो. गवळ्याकडे मात्र गेलो होतो, नोकरी लागल्यावर. त्याने गोठ्यातली नवी म्हैस दाखवली, जुनी गोष्ट काढली नाही, आणि जाताना मला तांब्याभर धारोष्ण दूध प्यायला दिले.

घर विकताना देवघराचे फडताळ रिकामे केले तेव्हा ती बाटली निघाली. लाख तडकली होती पण शिक्का वाचता येत होता. वर पिवळट पाणी, तळाशी पांढरा चोथा. बायको म्हणाली, फेकून द्या, विष आहे त्यात. मी ती मोरीत ओतली, आणि सवयीने बाटलीत थोडे पाणी घालून खंगाळली.