श्रीपादाची चढण, चुडीच्या उजेडात

वहाणा काढा. या डोंगरावर वीज यायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तुमच्या हातात आहे ती नारळाच्या सुक्या झावळ्यांची चूड. ठिणग्या मनगटावर उडतात, धूर डोळ्यांत जातो, पण हात आखडू नका. मागच्या आजीबाई तुमच्याच उजेडात पाऊल टाकतायत.

हा श्रीलंकेतला श्रीपाद, २,२४३ मीटर उंच. माथ्यावरच्या खडकातलं पाऊल बौद्धांना बुद्धाचं, तमिळ हिंदूंना शिवाचं, मुसलमानांना आदमचं. म्हणून रत्नपुराकडून चढणाऱ्या या अरुंद वाटेवर सगळे एकमेकांना खेटून चाललेत. घाम, कुजका पाचोळा, चघळलेला विडा, सगळ्यांचा मिळून एकच वास. पोटरीला गार काय लागलं? जळू. ओढू नका, कुणाच्या तरी चंचीतला चुना लावा, सुटेल. सीतागंगुलच्या ओढ्यात डुबकी मारा. दातांवर दात आपटतील, पण त्याशिवाय वर कुणी जात नाही. उतरणारे ‘करुणावयि’ म्हणतील, तुम्हीही म्हणा.

आता कडा. इब्न बतूतानेही लिहून ठेवलेल्या इथल्या साखळ्या धरायच्या. लोखंड दवाने ओलं, निसरडं. नेमकी इथेच चूड विझते.

घाबरू नका, वर बघा. फाल्गुनातली अमावास्या, पहाटेचे तीन. पुण्यात अठरा अंशांवर दिसणारा ध्रुव इथे जेमतेम सात अंशांवर, डोंगराआड गेलेला. त्याऐवजी दक्षिणेला त्रिशंकू लखलखतोय आणि आग्नेयेला अख्खा वृश्चिक नांगी उगारून उभा आहे. ज्येष्ठेचा तांबडेपणा नुसत्या डोळ्यांनी कळतो. चारी दिशांना एकही दिवा नाही. मला विचाराल तर साऱ्या चढणीत हीच घटका सर्वांत मोलाची.

माथ्यावर वारा कानशिलं बधिर करतो. पहिलीच खेप ना? मग घंटेचा एकच टोल द्या. पूर्वेला लाल कड उगवते आणि ‘साधु, साधु’चा गजर उसळतो. लगेच पश्चिमेला वळा: खालच्या धुक्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पडलीय, आणि सूर्य वर येईल तशी ती पायथ्याकडे आखडत येतेय.

यात्रा आजही मार्गशीर्ष पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत चालते. हॅटनच्या बाजूच्या पायऱ्यांवर आता रात्रभर दिवे असतात. गेलात तर अमावास्येजवळची रात्र धरा, आणि उजेड पोचत नाही अशा एखाद्या वळणावर जरा थांबा.