आरमाराचे चार महिने : रायगड किनाऱ्यावरची पावसाळी छावणी

उत्तर युरोपातील नावाडी हिवाळा लागला की शिडाची होडी पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतो. रायगडच्या किनाऱ्यावर गणित उलटे आहे. येथे हिवाळा हाच दर्या मवाळ असण्याचा काळ. होडी वर चढते ती आगोटीला, पावसाच्या तोंडावर. सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते, परंतु नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याचा नेम कायद्याहून कितीतरी जुना. शिवकाळात या नेमाने आरमारांचे राजकारण कसे घडवले, ते या धाग्यात पाहू.

प्रथम होडीकडे. आपल्याकडे होडी ‘शाकारतात’, घराचे छप्पर शाकारावे तशी. मोठ्या भरतीला ती शक्य तितकी वर आणायची, मग ओंडक्यांवरून ओढत लाटांच्या टप्प्याबाहेर न्यायची, टेकू देऊन उभी करायची आणि वरून झावळ्यांचे झाप घालायचे. झापांच्या जागी आता ताडपत्री आली, एवढाच फरक. हे छप्पर केवळ पावसासाठी नसते. साचलेले पाणी लाकूड कुजवते हे खरे, पण उघडीपीचे कडक ऊनही तितकेच घातक; त्याने फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. म्हणून सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, तळाला माशाचे तेल चोपडायचे. होडी वर काढल्याचा आणखी एक लाभ असा की, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या कुळातला किडा कोरड्या लाकडात मरून जातो.

गुराबा आणि मोठी गलबते मात्र अशी ओढून वाळूत कशी आणणार? त्यांना खाडीत आत शिरावे लागे. कुंडलिका, अंबा, सावित्री या नद्यांच्या मुखांचे महत्त्व येथे ध्यानात येते. आत लाटांचा मार नाही; शिवाय पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे होते आणि त्या किड्याला गोडे पाणी मानवत नाही.

या मुक्कामाला मराठी कागदपत्रांत ‘छावणी’ म्हणतात. शब्द मुळात ‘छावणे’, म्हणजे आच्छादणे, यावरून आलेला. म्हणजे होडी शाकारणारा कोळी आणि आरमार छावणीस धाडणारा सुभेदार एकाच कल्पनेने बोलत होते. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त या छावणीचे नियम आहेत. तुफानाचे दिवस येण्यापूर्वीच आरमार आत घ्यावे. किल्ल्याचा आसरा असलेले बंदर निवडावे. आणि दरवर्षी एकच बंदर धरू नये, कारण छावणीतल्या माणसांचा उपद्रव त्याच मुलखाला पुनःपुन्हा होतो. रयतेचे आंबे-फणस आरमारासाठी तोडू नयेत, ही त्याच प्रकरणातली आज्ञा सर्वांना पाठ असते. छावणीचा नियम फारसा कोणी सांगत नाही. मला तो अधिक बोलका वाटतो. शाकारलेले आरमार पळू शकत नाही. शत्रूला ते जाळायचे असेल, तर हेच चार महिने.

हा धोका सिद्दीलाही होता. मोगलांच्या पाठबळावर चालणाऱ्या त्याच्या ताफ्याने १६७० च्या दशकात अनेक पावसाळे मुंबईत, माझगावला काढले. इंग्रजांची यात मोठी अडचण झाली. आसरा नाकारावा तर मोगल रुष्ट होणार आणि सुरतेचा व्यापार धोक्यात येणार. द्यावा तर शिवाजी महाराजांशी वैर. शिवाय सिद्दीच्या खलाशांच्या दंग्यांनी मुंबईकर त्रासले ते वेगळेच. १६७८ च्या पावसाळ्यात महाराजांनी दौलतखानाला फौजेनिशी पनवेलकडे धाडले. माझगावला उभी असलेली सिद्दीची जहाजे जाळणे हा हेतू. मात्र खाडीपार जायला पुरेशा नावा मिळाल्या नाहीत, पोर्तुगीजांनी आपल्या हद्दीतून वाट दिली नाही, आणि बेत फसला. ज्या पावसाने सिद्दीला बंदरात कोंडले, त्यानेच दौलतखानालाही किनाऱ्यावर अडवून धरले.

पुढच्याच वर्षी थळसमोरच्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर तेथून नजर राहते. मुहूर्त पाहा : १६७९ च्या पावसाळ्याची अखेर. दर्या पुरता निवळण्यापूर्वीच माणसे बेटावर उतरली होती. मायनाक भंडाऱ्याच्या लोकांनी दगड रचणे थांबवले नाही, आणि इंग्रजांची जड जहाजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून येणाऱ्या लहान मराठी होड्यांना रोखू शकली नाहीत. १८ ऑक्टोबरच्या चकमकीत ‘डोव्हर’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे बसवले ते जानेवारी १६८० मध्ये, दर्या अगदी शांत असताना.