पीळ आणि उकल

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्याकडे हट्टी माणसास उद्देशून वापरतात. जेथे सूत निघते तेथे तिचा मूळ अर्थ लवकर ध्यानात येतो. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धेच्या वाटेवर, कपाशीच्या मुलखात वसलेले बुटीबोरी हे असे ठिकाण आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत आता पॉलिएस्टरचे तंतू व सूत तयार होते. दोन पेडांची पिळलेली दोरी घेऊन तिचे एक टोक खुंटीस बांधावे आणि दुसऱ्या टोकाचे पेड ओढून वेगळे करू पाहावे. उकललेल्या भागातला पीळ नाहीसा होत नाही. तो पुढे सरकतो, पुढची दोरी आवळत जाते, तिला आढे पडतात, आणि शेवटी हात थांबतो. ही घरगुती अडचण विसाव्या शतकातील जीवशास्त्रास पंचवीस वर्षे छळीत होती.

१९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनए हा दोन पेडांचा गोफ आहे असे प्रतिपादिले. पेशी दुभंगण्यापूर्वी हे पेड वेगळे होतात आणि प्रत्येकाच्या आधाराने नवा जोडीदार घडतो, ही कल्पना फार मोहक होती. परंतु पेड सुटावेत कसे? हा प्रश्न प्रथम टीकाकारांनी काढला असे नव्हे. त्याच वर्षीच्या आपल्या दुसऱ्या निबंधात त्या दोघांनी ही अडचण स्वतःच मांडली होती. १९५४ साली डेलब्रुक यांनी ती इतकी गंभीर मानली की, पेड जागोजाग तुटून पुन्हा सांधले जात असावेत, असा तर्क त्यांनी पुढे केला. आकडे पाहिले म्हणजे त्यांची काळजी समजते. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जंतूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या असतात, आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा येतो. म्हणजे एकूण वेढे चार लाखांहून अधिक. ते सारे सुमारे ४० मिनिटांत उकलावयाचे! दोन ठिकाणांहून काम चालते असे धरले तरी प्रत्येक ठिकाणी सेकंदास शंभराच्या आसपास वेढे सुटले पाहिजेत.

१९५८ साली मेसेलसन व स्टाल यांनी पेड वेगळे होतात हे दाखविले. कसे, ते मात्र अज्ञातच राहिले. १९६० च्या सुमारास डोटी व मार्मर यांनी उष्णतेने पेड सुटे करून दाखविले. सुंभ न जळता पीळ गेला खरा, परंतु त्यास पाणी उकळण्याच्या जवळपासची उष्णता लागते. नागपूरचा वैशाखदेखील त्याच्या निम्म्यावरच थांबतो! पेशी तर ३७ अंशांवर तेच काम निमूटपणे करते.

या कथेत मुंबईचेही एक पान आहे. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. एक जंतू दुसऱ्यास आपल्या डीएनएचा एक पेड देतो, त्या संयुग्मनाचा तेथे अभ्यास होत असे. देणाऱ्या जंतूत डीएनएची नवी प्रत होणे या देवघेवीस आवश्यक आहे काय, असा प्रश्न सारथी व सिद्दिकी यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घेतला. आमच्या मते हा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता; कारण प्रत घडविणारी यंत्रणा जर पेड सोलीत नसेल, तर सोलणारे दुसरे कोणी असले पाहिजे.

१९७६ साल या इतिहासात विलक्षण होय. त्या वर्षी न्यूझीलंडात रॉडली व त्यांचे सहकारी, आणि बंगळुरात शशिशेखरन व पट्टाभिरामन, यांनी एकमेकांहून स्वतंत्रपणे असे सुचविले की, पेड एकमेकांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी शेजारी असू शकतील. मग उकलण्याचा प्रश्नच बव्हंशी मिटतो. आणि त्याच वर्षी हायडेलबर्ग येथे अब्देल-मोनेम, ड्युरवाल्ड व हॉफमन-बेर्लिंग यांनी ई. कोलायमधून पेड विलग करणारे एक विकर वेगळे काढले. त्याच्या कुळास पुढे हेलिकेज हे नाव पडले. १९८३ साली असे आढळले की, हे पहिले विकर संयुग्मन घडवून आणणाऱ्या एफ-घटकाचेच अपत्य आहे! मुंबईत ज्या देवघेवीचा अभ्यास चालला होता, तिच्यातलाच हा कारागीर.

जंतूची प्रत काढतानाचे मुख्य हेलिकेज निराळे आहे. ते सहा समान घटकांचे कडे असते. एक पेड कड्यातून ओवला जातो, दुसरा बाहेर राहतो. एटीपी या इंधनाचे रेणू खर्चीत कडे पुढे सरकते आणि जोड्या सुटत जातात. पुढे साठणाऱ्या पिळाचा निकाल मात्र ते लावीत नाही. ते काम करणारे पहिले विकर जेम्स वांग यांना १९७१ सालीच सापडले होते. ते पेडास क्षणभर छेद देते, पीळ सैल होऊ देते आणि छेद पुन्हा सांधते. पेड तुटून सांधले जात असावेत या डेलब्रुक यांच्या तर्कात, म्हणजे, अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

१९७९ साली क्रिक, वांग व बॉवर यांनी शेजारी पेडांच्या मताचे सविस्तर खंडन केले. बंद वलयातील वेढे तोवर मोजता येऊ लागले होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत या वादास एक ओळही मिळत नाही. याचे आम्हांस वाईट वाटते. बंगळुरचे मत टिकले नाही हे खरे. तथापि ते पुढे आले नसते, तर गोफाचा पुरावा इतक्या काटेकोरपणे तपासण्याची निकड कोणास भासली असती? विद्यार्थ्यास केवळ निकाल सांगावयाचा आणि खटला लपवावयाचा, ही रीत इतिहासाच्या वर्गात कोणी सहन करणार नाही. विज्ञानाच्या वर्गात ती राजरोस चालते.

आरएनएचा पेड एकेरी असला तरी तो स्वतःवरच दुमडून गुंता करतो, आणि तो सोडविणाऱ्या विकरांचे एक मोठे कुळ १९८९ साली ओळखले गेले. मनुष्यात काही हेलिकेजे बिघडली म्हणजे ब्लूम व वर्नर यांच्या नावाने ओळखले जाणारे रोग होतात. दुसऱ्यात अकाली वार्धक्य येते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत साईकृष्णन कायारत व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ब्रिस्टलच्या संशोधकांसह, २०१५ साली अशा एका विकराची घडण उलगडली की, ज्याचे यंत्र हेलिकेजाच्याच घाटाचे आहे. परंतु ते पेड न सोडविताच डीएनएवरून धावते, आणि समोरून येणाऱ्या आपल्याच जातीच्या विकरास भिडले म्हणजे तेथे डीएनए तोडते.